किशोरीने खुणा कुठे ठेवल्या

समुद्रावर निघालेल्या माणसाला "खंय चललंस?", म्हणजे कुठे निघालास, असं विचारायचं नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच सकाळी कळलं. साल अठ्ठ्याण्णव. मी कुडाळकडचा, काजूच्या बागेत वाढलेला. पाण्याशी संबंध विहिरीपुरता. मच्छीमार सोसायटीचा सचिव म्हणून रुजू झालो आणि लोकांची ओळख व्हावी म्हणून उजाडता उजाडता किनाऱ्यावर गेलो. पन्नाशीचे एक गृहस्थ होडी पाण्यात ढकलत होते. मी आपुलकीने विचारलं, "काका, खंय चललात?" त्यांनी होडी थांबवली, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, होडी पुन्हा वाळूत ओढली आणि सरळ घरी निघून गेले. त्यांचा दिवस फुकट गेला. त्यांचं नाव विठोबा. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

वाडीचं नाव मी सांगत नाही. मालवणच्या आसपासची आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर काही जणांना पुढचा शोध सोपा जाईल, आणि त्या पापाचा वाटा मी एकदा उचलला आहे.

विचारायचं का नाही, तेही सांगतो. आमच्याकडे गरीने, म्हणजे गळ टाकून मासे धरणारे बरेच. समुद्राच्या तळाशी ठिकठिकाणी खडप असतं, पाण्याखालचा खडक. तांबोशी, गोब्रे असले चांगले मासे तिथे वस्तीला. पण वरून बघाल तर सगळीकडे सारखंच पाणी. मग ते खडप शोधायचं जमिनीवरच्या खुणांवरून. देवळाचा कळस अमक्या माडामागे लपला आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला डोंगराची खिंड तमक्या टोकाशी उघडली, की तिथे गरी सोडायची. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे खाली खडप. या खुणा बाप मुलाला सांगतो, त्याही समुद्रावर नेऊन, मुलगा कर्ता झाल्यावर. भावाला सांगत नाही. बायकोला तर नाहीच नाही. घराण्याची जमीनच ती, फक्त तिचा सातबारा निघत नाही.

किशोरीचा बाप गुरुदास याच रीतीने जगला आणि याच रीतीने गेला. दोन हजार एक सालचा नोव्हेंबर. सकाळी गेला तो परत आला नाही. त्याची बायको सुगंधा किनाऱ्यावर उभी, आणि जो तो तिलाच विचारतोय, गुरुदास खंय गेल्लो? तिला काय ठाऊक? वीस वर्षांच्या संसारात तिने हा प्रश्न कधी तोंडातून काढला नव्हता. कुणीतरी त्याची होडी दक्षिणेला वळताना पाहिली होती. आता किनाऱ्यावरून दिसेपर्यंत दक्षिणेला जायचं आणि नजरेआड झालं की उत्तरेला वळायचं, ही तर इथली पद्धतच. तरी शोधणाऱ्यांनी दुसरं काय करावं? वीस होड्या दोन दिवस दक्षिणेला फिरल्या. तिसऱ्या दिवशी होडी मिळाली ती उत्तरेला, उलटी. गुरुदास मिळाला नाही.

किशोरी तेव्हा बारावीत होती. पुढे तिने मालवणला एसटीने जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार तीन साली सोसायटीत कामाला लागली. घट्ट वेणी, पेन्सिल चावायची सवय. बोलायची कमी, ऐकायची जास्त. ऑफिसात हा गुण दुर्मीळ. चुकलं तर "चुकला माझा" म्हणायची, हा त्याहून दुर्मीळ. कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवायची, आणि मी सचिव असून घामाने निथळत बसायचो. मी पंखा लावला की ती काही बोलायची नाही, नुसती उडालेला कागद उचलून माझ्याकडे पाहायची. मी पुन्हा पंखा बंद करायचो. असा आमचा कारभार.

चार साली संगणक आला. किशोरीने जुन्या रजिस्टरांतली सगळी माहिती त्यात उतरवली. होडी, मालक, मशीनचा नंबर, खलाशी, त्यांचे रक्तगट. हा डेटाबेस तिने स्वतः बांधला होता, जुनी पुस्तकं वाचून, चुकत-माकत. होडीचं नाव टाइप केलं की सगळं पडद्यावर. एके दिवशी तिने मला बोलावलं. पडद्यावर एक नवीन बटण होतं, 'ठिकाण'.

"भाई, होडी परत इली नाय तर ह्या बटण दाबूचा. ती खंय गेल्ली ता दिसतला."

"आणि तुका सांगतलो कोण?"

"इचारतलंय मी."

मला हसू आलं, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून ते आवरलं. बापाची आठवण तिने काढली नाही, मीही काढली नाही. पण त्या बटणामागे कोण उभा होता ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

सहा महिने ती एकेकाला विचारत राहिली. लोक आधी हसले, मग चिडले. "खुणा कोण कागदार लिवता गो?" एकाने तर ऑफिसातच सांगितलं, की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग एका दुपारी, ज्यांच्याबद्दल कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, ते विठोबा दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येका भायर जावंदे."

मी सचिव. माझं ऑफिस. मी मुकाट्याने बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

तासाभराने ते गेले. किशोरीने समुद्रावरून दिसणारा किनारा पेन्सिलने काढला होता, डोंगर, कळस, झाडं, आणि त्यावर दोन रेघा. त्यांनी एक अट घातली होती. "ह्या तुझ्याशिवाय कोणी बघूचा नाय. मी परत इलंय नाय, तरच उघडूचा." तिने शब्द दिला. सर्वांत तोंडमिटका माणूस पहिला आला म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. वर्षभरात बावीस होड्यांच्या खुणा गोळा झाल्या. विठोबाच पहिले का आले, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

ही चित्रं ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र पहिल्या चित्रापासूनच आला होता. ऐकायला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता.

आधी तिने ती स्कॅन करून, कागद ज्याचा त्याला परत देऊन, प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवायला घेतली, एका छपराखाली सगळं बिऱ्हाड. पण संगणक बसवून देणाऱ्याने तीन खाती करून दिली होती. एक मुख्य, त्याचा पासवर्ड सचिव म्हणून माझ्या डायरीत. एक किशोरीचं. आणि एक येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं असं, सगळ्यांचं. प्रोग्रॅमच्या फोल्डरात साध्या खात्यातून काही नवीन ठेवता येत नव्हतं. किशोरी चित्र सेव्ह करायला गेली की इंग्रजीतून नकार. मग दोन जागा उरल्या. एक तिचं स्वतःचं 'माय डॉक्युमेंट्स', जे तिच्याच पासवर्डने उघडणार. दुसरी 'शेअर्ड डॉक्युमेंट्स', जिथे कुणीही, कुठल्याही खात्यातून जाऊन बघावं.

तिने आठ दिवस विचार केला. मला ते आठवतं, कारण माझं मत तयार होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "सगळ्यांच्या जाग्यार ठेव. तू नसलंस आणि होडी इली नाय तर आमी काय करूचा? तुझ्या पासवर्डाची पूजा?"

"उघड्यार ठेवलंय तर खुणा कोण देवचो नाय," ती म्हणाली. "कोणी दिलो नाय तर ठेवूचा काय?"

"आणि तू नसशीत तेव्हा?"

"मी आसतलंय."

झालं. तिने चित्रं आपल्याच खात्यात ठेवली. प्रोग्रॅमला एका चौकटीत सांगून ठेवलं, की चित्रं या पत्त्यावर शोध. आणि त्या दिवसापासून तिने रजा घेणं बंद केलं. तापाने फणफणलेली असली तरी होड्या परतण्याच्या वेळेला खुर्चीत हजर. चुलत बहिणीचं लग्न मिठबावला होतं, तिथेही गेली नाही. लोक म्हणाले, पोरगी गर्विष्ठ झाली. एका मुलीने बावीस होड्यांचा पहारा आपल्या एकटीवर घेतला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मला त्याचा राग यायचा. वाटायचं, सचिव मी आणि किल्ली हिच्याकडे.

सहा सालच्या फेब्रुवारीत तिला ओरोसला चार दिवसांच्या सरकारी प्रशिक्षणाला जावं लागलं. ती नाही म्हणत होती, मीच पाठवली. ती गेली आणि पहिल्याच सकाळी मी किनाऱ्यावर जाऊन होड्या मोजल्या. एखादी होडी आली नाही तर? भीती खरी होती, यात खोटं नाही. पण भीतीच्या आडून जरा मानही वर आली होती, हेही खरं. मी डायरी काढली, मुख्य खातं उघडलं, त्याला कुणाचंच कुलूप अडवत नाही हे तेव्हा कळलं, किशोरीच्या खात्यातला फोल्डर उचलला आणि सगळ्यांच्या जागी नेऊन ठेवला. प्रोग्रॅमच्या चौकटीत नवा पत्ताही टाकला. बटण दाबून पाहिलं, चित्र आलं. मला एवढा आनंद झाला की मी चहा मागवला आणि पंखा लावला.

ती परतल्यावर तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही. प्रोग्रॅम चालत होता, बटणं चालत होती, तिला संशय यायचं कारण नव्हतं.

चेअरमनचा पुतण्या विकी तेव्हा ऑफिसात हवामान बघायला यायचा. सगळ्यांच्या खात्यात बसायचा, दोन-चार गोष्टी उघडून बघायचा. त्याने चोरी केली असं मी म्हणणार नाही. पुढे त्याला विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "फोल्डर उघडोच होतो." ते मात्र खरं होतं.

आणि एका सोमवारी विठोबांच्या खडपावर नऊ होड्या उभ्या होत्या.

विठोबा किनाऱ्यावरून सरळ ऑफिसात आले. हातात अजून गरीची दोरी होती, ठेवायचं भान राहिलं नसावं. किशोरी उठून उभी राहिली. ते ओरडले नाहीत, आवाज खालच्या पट्टीतला होता, आणि म्हणूनच मला तो अजून ऐकू येतो.

"तुझो बापूस गेलो तेव्हा माका ठावक होता, तो खंय गेल्लो ता. त्याचा खडप नि माझा खडप एकच. आमचे आजे एका होडयेत होते. दोन दिवस लोक दक्षिणेक सोदत होते नि मी गप रवलंय. ह्या जाग्यापायी गप रवलंय! आणि तू ता नव जणांका दाखवलंस?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. त्यांचा चेहरा उतरला. मुळात ते खुणा द्यायला पहिले का आले होते, ते मला त्या क्षणी कळलं. ओझं उतरवायला आले होते, आणि ते न बोलता उतरत होतं तेवढं त्यांना पुरे होतं.

किशोरी परत खुर्चीत बसली. तिने फोल्डर कुठे आहे ते पाहिलं, आणि एकदाच, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं. "भाईंनी हलयला" असं तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही. विठोबा दोन दिवस गप राहिले होते आणि मी पाच मिनिटं. फरक फक्त मापाचा. तिने पडदा विठोबांकडे वळवला. "बघा काका, पुसतंय." चित्र पुसलं, कचऱ्याच्या टोपलीतूनही काढून टाकलं. विठोबा गेले. त्यांच्या पाठोपाठ चार दिवसांत बाकीचे एकवीसही येऊन आपापल्या खुणा पुसून गेले.

संचालकांच्या सभेत मी उठून सांगितलं, फोल्डर मी हलवला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सचिवाने कॉम्प्युटरात काहीतरी घोळ घातला, एवढंच. मासे ज्यांना मिळाले होते ते तर खूशच होते. ते खडप एका हंगामात खरवडून झालं. विठोबा मग त्याहून बाहेर, खोल पाण्यातल्या दुसऱ्या एका खडपावर जायला लागले, बासष्टाव्या वर्षी, एकटे. मुलगा यतीन गोव्याला हॉटेलात होता. त्यांना इतक्या बाहेर मी पाठवलं होतं. ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही, पण झोपताना अंथरुणावर ती माझ्या शेजारी असायची.

किशोरीने एवढ्या काळात पहिल्यांदा रजा घेतली, दोन दिवसांची. मला वाटलं, आता राजीनामा येणार, आणि यायलाच हवा. तिसऱ्या दिवशी ती आली, पेन्सिल चावत बसली, आणि मग म्हणाली, "भाई, मी आवशीक इचारलंय. तुका बाबांचो जागो ठावक आसतो, तर?"

"मग? सुगंधा काय म्हणाली?"

"ती म्हणाली, तर मी पयल्याच दिसा त्यांका हाडून घेतलंय आसता." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "चित्रा कॉम्प्युटरातच व्हयी, असा खंय लिवलासा?"

मला काही उमगलं नाही. तिने प्रोग्रॅममधली ती पत्त्याची चौकट दाखवली. जिथे आजवर फोल्डरचा लांबलचक पत्ता असायचा, तिथे तिने मराठीत टाइप केलं होतं, 'सुगंधा'. स्वतःच्या आईचं नाव, नमुना म्हणून.

चित्र घरातच राहणार, पाकिटात शिवून, घरधनिणीच्या ताब्यात. संगणकाला एवढंच ठाऊक, की विचारायचं कुणाला. तिथून पुढे कुणीही बटण दाबो, सचिव दाबो नाहीतर विकी, पडद्यावर एक बाईचं नाव येणार आणि बस्स. किशोरी रजेवर असली तरी अडणार नाही, आणि चोरायचं म्हटलं तरी आत काही नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला मधल्या दोन चुका व्हाव्या लागल्या. एक तिची, सगळं स्वतःवर घेण्याची. दुसरी माझी, आणि ती मोठी.

मग ती घरोघर फिरली. पुरुष कसले ऐकतात! एक जण म्हणाला, "बायलेक सांगू? तिच्या तोंडात तीळ भिजणा नाय!"

किशोरीने शांतपणे विचारलं, "नव होडये त्या खडपार गेले, ते बायलांनी धाडलेले?"

मी तिच्या मागे पाकिटांची पिशवी घेऊन उभा होतो. मी पिशवीत तोंड घातलं.

बायकांना मात्र फार सांगावं लागलं नाही. ज्या प्रश्नाला आजवर तोंड फोडायची मुभा नव्हती, त्याचं उत्तर शिवून बंद का होईना, घरात येत होतं. कुणी तांदळाच्या पिंपात ठेवलं, कुणी शालूच्या घडीत. ते मुद्दाम नोंदवलं नाही. वर्षभरात सतरा नावं चौकटीत भरली.

विठोबांना किशोरीने विचारलंच नाही. ती काशीबाईंकडे गेली, त्यांच्या बायकोकडे. काशीबाई चाळीस वर्षं मासे विकणारी बाई, आवाज तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यापर्यंत जाणारा. बापाबद्दल विठोबा काय बोलून गेले होते, त्यातलं किशोरीने एक अक्षर काढलं नाही. फक्त पाकीट कशासाठी ते सांगितलं. काशीबाईंनी ऐकून घेतलं आणि घरात जाहीर केलं, "माका सांगल्याशिवाय जेवण मेळाचा नाय." विठोबांनी दोन दिवस हॉटेलातल्या भजीवर काढले. तिसऱ्या दिवशी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर स्वतःच वेड्यावाकड्या रेघा ओढल्या आणि तो तिच्यापुढे टाकला. किशोरीने तो पाहिलासुद्धा नाही. चौकटीत तिने लिहिलं, 'काशीबाई'.

आठ साल, जानेवारी महिना. सकाळी नऊपर्यंत गरीवाल्या होड्या परततात. दहा वाजले, विठोबांची होडी नव्हती. अकरा वाजले. वारा वाढत चालला होता. मोबाइल ते घरीच ठेवून जायचे, बाहेर रेंज कुठे असते? लोक किनाऱ्यावर जमले आणि पुन्हा तेच सुरू झालं, दक्षिणेक वळलेले मी बघलंय, नाय उत्तरेक.

मी ऑफिसात होतो. किशोरी माझ्या शेजारी उभी होती, पण तिने खुर्ची घेतली नाही. "तुमी दाबा," म्हणाली. मी होडीचं नाव टाइप केलं, बटण दाबलं. पडद्यावर एक शब्द आला. मला त्या शब्दाचा एवढा आधार वाटला, की मी पायांत चप्पल न घालताच धावलो.

काशीबाई रस्त्याकडेच्या मासळीबाजारात होत्या. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी कोयती ठेवली, पदर खोचला, घरी जाऊन पाकीट घेऊन आल्या. मी हात पुढे केला.

"तुमका नाय," त्या म्हणाल्या. "तुमी एकदा बघलास तेवढा पुरे."

बाबलीची होडी तयार होती. तो या वाडीतला सगळ्यात जोरकस मशीनवाला. काशीबाई सरळ पाण्यात उतरल्या आणि त्याच्या होडीत चढल्या. चाळीस वर्षं होडीतून उतरलेले मासे विकले, पण होडीतून समुद्रावर बाई गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दोघे म्हातारे पुढे झाले, असा जावचा नसता म्हणून. त्यांनी दोघांकडे नुसतं पाहिलं. ते मागे सरले.

पुढचं बाबलीने सांगितलं. काशीबाई होडीत उलट्या बसल्या, तोंड जमिनीकडे. बाबलीला आणि त्याच्या खलाशाला सांगितलं, "फुडे बघा. जमनीकडे मान वळवलास तर पाण्यात ढकलून देतलंय." बाबलीने पाण्याकडे बघत मशीन चालवायचं, आणि या पुठ्ठा हातात धरून सांगणार, उजवीकडे, आणखी, आता सरळ. बाबलीने भीत भीत विचारलं, तुमका त्या रेघा कळतत? त्या म्हणाल्या, रेघांचं मला ठाऊक नाही, पण कागदावर झाड कुठलं आणि कळस कुठला ते कळतं. त्या झाडाखालून चाळीस वर्षं पाटी घेऊन गेले आहे मी.

किनाऱ्यावर किशोरी एकटी बाजूला उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. दोन वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं. "किशोरी, त्यांचो राग येणा नाय तुका?"

"येता," ती म्हणाली. "रोज येता. तुमचोव येता." समुद्राकडे बघतच म्हणाली, "पण रागान होडी गावणा नाय, भाई."

मी मान खाली घातली. 

दोनच्या सुमाराला बाबलीची होडी दिसली, मागे दोरीने ओढलेली दुसरी. विठोबांचं मशीन बंद पडलं होतं, ते चालू करताना पाय घसरून आडवे पडले आणि मांडीचं हाड मोडलं. सुदैवाने नांगर खडपाला अडकलेला होता, म्हणून होडी जागची हलली नाही. वारा आणखी वाढला असता तर नांगराने किती वेळ धरलं असतं, सांगता येत नाही. त्यांना झोळीत घालून उतरवलं. ते शुद्धीवर होते. किशोरी त्यांच्यासमोरच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग मोठ्याने, लहान मुलासारखे रडले. सगळ्यांना वाटलं, पायाच्या कळा. ते कशाचं रडणं होतं, ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. किशोरीही रडली, पण ती पाठ फिरवून.

शिमगा झाल्यावर विठोबा काठी टेकत ऑफिसात आले. समुद्र आता संपला होता त्यांचा, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. या खेपेला मला बाहेर पाठवलं नाही. खुर्चीत बसले आणि बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले.

"किशोरी," ते म्हणाले, "तुझ्या बापाशीचा माझ्यान फेडूक जावचा नाय. पण ता चित्र आता सगळ्यांका बघूक मेळूंदे. उघड्यार ठेव. कोणाच्याव कामाक येवंदे."

मला वाटलं, ती हो म्हणेल. एवढा मोठा माणूस एवढं मोठं देतोय. मी तर संगणक चालू करायला हातही पुढे नेला.

किशोरीने पेन्सिल खाली ठेवली. "ता माझ्याकडे खंय आसा, काका? ता काशीकाकीकडे आसा. तिका इचारा."

"तिका इचारू?" विठोबांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. पण ऐकू आलं होतं.

ते उठले. बाजार ऑफिसच्या खिडकीतून दिसतो. काशीबाईंसमोर गिऱ्हाइकांची गर्दी होती, त्या इसवण कापत होत्या. विठोबा काठी टेकत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलले. त्यांनी मान वर न करता कोयतीनेच खूण केली, थांबा. विठोबा गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभे राहिले. तीन बायका त्यांच्या पुढे होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा काशीबाईंनी हात धुतले, नवऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिठ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इचार करून सांगतंय."